साता समुद्रांवरचे खलिते

रणांगणावर लढाई जिंकणें आणि ती जिंकल्याचें वर्तमान योग्य स्थळीं, योग्य वेळीं पोहोंचविणें, हीं दोन कामें अगदीं निराळीं आहेत. पहिल्या कामाचे पोवाडे होतात. दुसऱ्याची नोंद एखाद्या हिशेबाच्या चिठोऱ्यावर राहिली तर राहते. परंतु इतिहास जरा बारकाईनें पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, कित्येक लढायांचें फळ तलवारीनें जितकें मिळालें, तितकेंच एखाद्या मोहोरबंद थैलीनें मिळालें. अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं इंग्रजांचें राज्य झुगारून देण्यासाठीं १७७५ पासून १७८३ पर्यंत जें युद्ध केलें, तें या दृष्टीनें विशेष पाहण्यासारखें आहे. लंडनचे प्रधान आणि त्यांचे अमेरिकेंतील सेनापति, त्याचप्रमाणें अमेरिकेची काँग्रेस आणि तिचे पॅरिसमधील वकील, यांच्या मध्यें सुमारें ३,००० मैलांचा अटलांटिक महासागर पसरला होता. आगबोट आणि तारायंत्र यांचा उदय व्हावयाचा होता. जें काय कळावयाचें तें शिडाच्या जहाजानें आणि वाऱ्याच्या मर्जीनें.

हा वाराही निःपक्षपाती नव्हता. त्या समुद्रावर तो बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळें अमेरिकेहून युरोपकडे येणारें हलकें गलबत चार-पांच आठवड्यांत किनारा गांठी. उलट दिशेनें जाणाऱ्यास मात्र दोन-दोन महिने, कधीं त्याहूनही अधिक काळ लागे. लंडनच्या प्रधानानें हुकूम लिहावा, तो सेनापतीच्या हातीं पडावा आणि त्याचें उत्तर परत यावें, एवढ्यांत एक ऋतु जाऊन दुसरा येई. याचें एक उदाहरण पुरे आहे. उत्तरेकडून कॅनडामधून जनरल बर्गॉइन सैन्य घेऊन खालीं उतरत असतां, त्यास वेळेवर साहाय्य करतां यावें अशी अपेक्षा वसाहतमंत्री लॉर्ड जर्मेन यानें १८ मे १७७७ च्या पत्रांत जनरल हाऊ यास कळविली. तें पत्र हाऊ यास १६ ऑगस्ट रोजीं मिळालें. त्या वेळीं तो आपलें सैन्य जहाजांवर चढवून फिलाडेल्फिया जिंकण्याकरितां दक्षिणेस चेसापीकच्या उपसागरांत शिरला होता. पत्र निघालें तेव्हां तें उपयोगाचें होतें. पोहोंचलें तेव्हां तो केवळ कागद होता.

आपल्याकडे पेशवाईंत महत्त्वाचें पत्र असलें म्हणजे जासूदांची जोडी रवाना करीत. समुद्रावर जोडीही पुरत नसे. एकाच खलित्याच्या तीन-तीन, चार-चार प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांनीं पाठवीत; एक वादळांत बुडाली, दुसरी शत्रूनें धरली, तर तिसरी तरी पोहोंचेल एवढीच आशा. नाजूक मजकूर सांकेतिक अंकांत लिहीत. कागदांच्या थैलींत शिशाचे गोळे किंवा तोफेचे लहान गोळे घालून ती डेकवर हाताशीं ठेवीत. इंग्लंडच्या फाल्मथ बंदरांतून टपाल घेऊन निघणाऱ्या जहाजांच्या कप्तानांस शिकवण अशी असे कीं, शक्य तोंवर पळावें, पळतां येईनासें झालें कीं लढावें, आणि लढणेंही अशक्य झालें म्हणजे निशाण उतरविण्यापूर्वीं टपाल समुद्रांत बुडवावें. स्वतःचें जहाज आणि प्राण यांच्याहून त्या थैलीची किंमत अधिक समजली जाई.

चार दिवस मागाहून निघून पुढें

युद्धाचा पहिला गोळीबार १९ एप्रिल १७७५ रोजीं बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन आणि काँकॉर्ड या गांवीं झाला. आगळीक कोणाची, प्रथम बंदूक कोणीं झाडली, हा त्या वेळीं मोठाच प्रश्न होता. कारण इंग्लंडांतील लोकमत कोणीकडे झुकतें हें बऱ्याच अंशीं त्यावर अवलंबून होतें. बोस्टन येथील इंग्रज सेनापति जनरल गेज यानें आपली हकीकत २४ एप्रिल रोजीं ‘सूकी’ नांवाच्या जहाजानें लंडनला रवाना केली. इकडे मॅसॅच्युसेट्सची प्रांतिक सभाही स्वस्थ बसली नव्हती. तिनें प्रत्यक्ष पाहणाऱ्या लोकांच्या शपथेवर जबान्या घेतल्या, इंग्लंडच्या जनतेस उद्देशून एक निवेदन लिहिलें आणि हे सर्व कागद पोहोंचविण्याचें काम सेलम बंदरांतील कॅप्टन जॉन डर्बी याजकडे सोंपविलें.

डर्बी घराणें व्यापारी, समुद्रावर वाढलेलें. त्यांचें ‘क्वेरो’ हें ६२ टनांचें दोन डोलकाठ्यांचें चिमुकलें गलबत. त्यांत मालाचें ओझें न घेतां केवळ नीरम घालून डर्बीनें २८ एप्रिलच्या रात्रीं हळूच बंदर सोडलें. बंदराबाहेर इंग्रजांच्या लढाऊ जहाजांची गस्त होती. आपण कोठें आणि कशासाठीं चाललों आहों याची वाच्यता कोणाजवळही करावयाची नाहीं, असा त्यास सक्त हुकूम होता. ‘सूकी’ चार दिवस आधीं निघाली होती खरी, पण ती मोठी, मालानें भरलेली आणि मंद होती. डर्बी २८ मे रोजीं लंडनमध्यें दाखल झाला. त्याचे कागद लंडनच्या मेयरकडे ठेवण्यांत येऊन, कोणासही ते तेथें पाहतां येतील असें प्रसिद्ध झालें. वर्तमानपत्रांतून हकीकत छापून आली आणि शहरभर एकच खळबळ उडाली. सरकारला मात्र कांहींच ठाऊक नव्हतें. आम्हांकडे अद्याप कोणतेंही अधिकृत वर्तमान आलेलें नाहीं, एवढेंच त्यास जाहीर करतां आलें. गेजचा खलिता येऊन पोहोंचेपर्यंत जूनचा दुसरा आठवडा उजाडला होता, आणि त्यांतील मजकुरानें डर्बीच्या बातमीस दुजोराच मिळाला. जवळजवळ बारा दिवस इंग्लंडच्या लोकांनीं या लढाईची एकच बाजू ऐकली, ती अमेरिकेची.

डर्बी परत आल्यावर त्यानें आपल्या प्रवासाचा हिशेब सादर केला. खर्च सुमारें ५७ पौंड. आणि स्वतःच्या वेळाबद्दलच्या रकान्यांत त्यानें शून्य मांडलें होतें.

कोरे कागद आणि खरी बातमी

प्रत्येक खलित्याचें नशीब एवढें चांगलें नव्हतें. काँग्रेसचे वकील बेंजामिन फ्रँकलिन, सायलस डीन आणि आर्थर ली हे फ्रान्सच्या दरबारीं साहाय्यासाठीं खटपट करीत होते. त्यांनीं १७७७ च्या ऑक्टोबरांत आपल्या कामाचे सविस्तर कागद कॅप्टन फोल्गर याजबरोबर अमेरिकेस पाठविले. हे कागद फोल्गरच्या स्वाधीन होण्यापूर्वीं जोसेफ हिन्सन नांवाच्या एका अमेरिकन दर्यावर्दीच्या हातांतून गेले. आणि हा हिन्सन आंतून इंग्रजांस मिळालेला होता. त्यानें खरे कागद काढून घेऊन त्यांच्या जागीं तितकेच कोरे कागद बांधून ठेविले. फोल्गर बिचारा समुद्राचे सर्व हाल सोसून अमेरिकेस पोहोंचला. १७७८ च्या जानेवारींत काँग्रेसच्या मंडळींनीं ती मोहोर फोडली, तों आंत एक अक्षर नाहीं! आपले वकील जिवंत आहेत किंवा नाहींत, फ्रान्स साहाय्य करणार कीं नाहीं, हें त्या मंडळींस मागील उन्हाळ्यापासून कळलें नव्हतें, आणि आतांही कळलें नाहीं.

उलट दिशेनें मात्र एक खलिता सुखरूप येऊन पोहोंचला होता. हाऊच्या साहाय्यास मुकलेल्या बर्गॉइननें १७ ऑक्टोबर १७७७ रोजीं साराटोगा येथें सुमारें पावणेसहा हजार लोकांनिशीं शरणागति पत्करली. ही बातमी घेऊन जोनाथन लोरिंग ऑस्टिन हा तरुण महिनाअखेरीस बोस्टनहून ‘पर्च’ गलबतावर चढला. ३० नोव्हेंबरला त्यानें फ्रान्सच्या नांत बंदरीं पाय ठेवला आणि ४ डिसेंबरला तो पॅरिसजवळच्या पासी येथें फ्रँकलिनच्या दारांत येऊन उभा राहिला. एकाहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाच्या मनाला एकच काळजी लागली होती. ऑस्टिन गाडींतून उतरतो न उतरतो तोंच त्यानें विचारलें, फिलाडेल्फिया पडली हें खरें काय? ऑस्टिननें होय म्हणतांच फ्रँकलिन हात चोळीत घराकडे वळला. तेव्हां ऑस्टिननें त्यास थांबवून सांगितलें कीं, याहून मोठें वर्तमान आहे. बर्गॉइन सर्व सैन्यासह कैद झाला आहे.

त्या एका वाक्यानें दरबारचा रंग पालटला. जो फ्रान्स दोन वर्षें चोरून दारूगोळा पुरवीत होता, त्यानें ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं अमेरिकेशीं उघड तह केला. परंतु पॅरिसमध्यें सही झाली म्हणून काँग्रेसला ती थोडीच कळली! फ्रँकलिनच्या मंडळींतील एडवर्ड बँक्रॉफ्ट हा विश्वासू म्हणविणारा गृहस्थ इंग्रजांचा हेर होता. त्यानें तहाचें वर्तमान दोन दिवसांच्या आंत लंडनला पोहोंचविलें. त्याचें हें कृत्य बाहेर येण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. ज्यांचा तह त्यांना मात्र त्याची वार्ताही नव्हती. इकडे इंग्लंडचा मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ यानें घाईघाईनें समेटाचीं विधेयकें पुढें आणलीं आणि त्यांचे मसुदे अमेरिकेकडे धाडले. आतां खरी शर्यत समुद्रावर लागली. तहाचे कागद घेऊन निघालेला सिमियन डीन, हा वकील डीनचा भाऊ, पहिल्या खेपेस तुफानानें परत फिरला. दुसऱ्या खेपेस ‘सांसिब्ल’ या फ्रेंच फ्रिगेटनें तो एप्रिलांत अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यास लागला, आणि तेथून जमिनीवरून दौड करीत २ मे रोजीं यॉर्क गांवीं काँग्रेसपुढें हजर झाला. समेटाचे मसुदे त्यापूर्वींच येऊन पोहोंचले होते. इंग्रज सैन्य माघारें घ्या किंवा आमचें स्वातंत्र्य मान्य करा, त्यावांचून बोलणें नाहीं, असा ठराव काँग्रेसनें २२ एप्रिल रोजींच केला होता. पाठीशीं फ्रान्स उभा आहे हें ठाऊक नसतां, हातांत केवळ कोऱ्या कागदांचा अनुभव असतां केलेला हा ठराव, त्या मंडळींच्या धैर्याची मोठीच साक्ष म्हटली पाहिजे. पुढें दोनच दिवसांत, ४ मे रोजीं, त्यांनीं फ्रान्सच्या तहास मान्यता दिली.

बुडाली नाहीं ती थैली

काँग्रेसचे माजी अध्यक्ष हेन्री लॉरेन्स हे हॉलंडकडून कर्ज मिळविण्याच्या हेतूनें १७८० च्या ऑगस्टांत ‘मर्क्युरी’ या लहान जहाजानें निघाले. ३ सप्टेंबरला न्यूफाउंडलंडजवळ इंग्रजांच्या ‘व्हेस्टल’ फ्रिगेटनें त्यांस गांठलें. लॉरेन्स यांनीं कांहीं कागद नष्ट केले, बाकीचे थैलींत घालून थैली समुद्रांत टाकली. परंतु घातलेलें वजन पुरेसें नव्हतें, आणि थैलींत हवा राहिली होती. ती तळाशीं न जातां पाण्यावर तरंगूं लागली, आणि इंग्रज खलाशांनीं आंकडी लावून ती वर ओढून घेतली. आंत निघाला तो अमेरिका आणि हॉलंड यांच्यामधील तहाचा एक मसुदा. तो दोन वर्षांपूर्वींचा, आणि कोणत्याही सरकारनें मंजूर न केलेला होता. तथापि डच व्यापाऱ्यांवर आधींच डोळा ठेवून असलेल्या इंग्लंडला तेवढें निमित्त पुरें झालें. डिसेंबर १७८० मध्यें त्यानें हॉलंडशीं युद्ध पुकारलें. लॉरेन्स यांस लंडनच्या किल्ल्यांत सुमारें पंधरा महिने कोंडून ठेवण्यांत आलें.

या युद्धाचा धक्का आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोंचला. तंजावरच्या मराठी राज्यालगतचें नागपट्टण हें डचांचें ठाणें इंग्रजांनीं नोव्हेंबर १७८१ मध्यें घेतलें, आणि तें डचांस पुनः कधींच परत मिळालें नाहीं. चार शेर शिसें अधिक घातलें असतें तर हें टळलें असतें असें म्हणतां येणार नाहीं. युद्धाचीं कारणें एका थैलींत मावत नाहींत. पण निमित्त हुडकीत असलेल्याच्या हातीं कागद लागूं देणें किती महाग पडतें, हें मात्र त्यावरून कळतें.

दोन खलिते, दोन नशिबें

युद्धाचा निकाल लागला तो १७८१ सालीं, आणि तोही एका पत्रानें. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापति रोशाम्बो हे न्यूयॉर्कजवळ तळ देऊन बसले होते. वेस्ट इंडीजमध्यें असलेल्या फ्रेंच आरमाराचा मुख्य दग्रास यास रोशाम्बोनें ‘कोंकोर्द’ या चपळ फ्रिगेटनें पत्रें पाठविलीं, आणि त्यांबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्याचे माहितगार वाटाडेही पाठविले. तेंच जहाज दग्रासचें २८ जुलैचें उत्तर घेऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत न्यूपोर्टला परतलें. १४ ऑगस्टला तें वॉशिंग्टनच्या हातीं पडलें. पंचवीसाहून अधिक लढाऊ जहाजें आणि ३,२०० शिपाई घेऊन आपण चेसापीकला येतों, परंतु १५ ऑक्टोबरपलीकडे राहतां यावयाचें नाहीं, असा त्याचा आशय होता. वॉशिंग्टनचें मन न्यूयॉर्कवर होतें. तरी पत्र वाचतांच त्यानें तो बेत सोडून दिला आणि सैन्य दक्षिणेकडे वळविलें.

त्याच सुमारास इंग्रज आरमारांतही खलिते सुटले होते. फ्रेंच आरमार उत्तरेकडे येण्याचा संभव आहे, असा इशारा वेस्ट इंडीजमधून ॲडमिरल रॉडनीनें ‘स्वॅलो’ या गलबताबरोबर न्यूयॉर्कला धाडला. पण तेथील ॲडमिरल ग्रेव्ह्ज त्या वेळीं बोस्टनच्या बाजूस गेला होता. त्यास शोधण्यास निघालेल्या ‘स्वॅलो’वर अमेरिकेच्या परवानाधारी खाजगी लढाऊ गलबतांनीं झडप घातली आणि तिला लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर चढविलें. दुसरें इशाऱ्याचें जहाज ‘ॲक्टिव्ह’ हें तर शत्रूच्या हातींच पडलें. एका पक्षाचा खलिता पोहोंचला, दुसऱ्याचे पोहोंचले नाहींत. १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं यॉर्कटाऊन येथें लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें सात हजारांहून अधिक लोकांसह शस्त्रें खालीं ठेविलीं. पुढें अकरा वर्षांनीं श्रीरंगपट्टणापुढें हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्याच्या जोडीनें उभ्या होत्या, तोच हा कॉर्नवॉलिस.

विजयाचें वर्तमान काँग्रेसला सांगण्यास वॉशिंग्टननें आपला साहाय्यक टेंच टिल्घमन यास होडीनें पाठविलें. ती होडी वाटेंत वाळूंत रुतली, रात्र फुकट गेली. पुढें घोड्यावरून मजल मारीत तो २४ ऑक्टोबरच्या पहांटे फिलाडेल्फियास पोहोंचला. काँग्रेसच्या खजिन्यांत त्याच्या खर्चापुरतेंही रोख नाणें नव्हतें. सभासदांनीं एकेक डॉलर आपल्या खिशांतून काढून दिला, अशी आठवण त्यांतील एकानें लिहून ठेविली आहे.

कडलूरचा किनारा

या सर्व कथेंत हिंदुस्थान केवळ प्रेक्षक नव्हता. १७७७ सालीं फ्रान्सचा वकील म्हणविणारा सेंट लुबिन पुण्यास येऊन राहिला होता. नाना फडणीस यांनीं त्याचा सत्कार केला, तेव्हां मुंबईकर इंग्रजांच्या पोटांत गोळा उठला. पुढील वर्षीं फ्रान्स युद्धांत उतरणार हें ठरतांच लंडनचें वर्तमान केप ऑफ गुड होपला वळसा न घालतां कैरो, सुवेझ आणि तांबडा समुद्र या जवळच्या वाटेनें धांवलें. १७७८ च्या जुलईच्या पहिल्या आठवड्यांत तें कलकत्त्यास कळलें, आणि १० जुलईला चंद्रनगर इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. ऑक्टोबरांत पाँडिचेरी पडली, पुढच्या मार्चांत माहे. आणि माहे गेल्यानें हैदर अल्लीच्या रागांत आणखी भर पडली. येथें खलिता वेळेवर आला, आणि ज्याला तो आधीं मिळाला त्याचें साधलें.

शेवटचा खलिता मात्र उशिरां आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या प्राथमिक तहावर व्हर्साय येथें २० जानेवारी १७८३ रोजीं सह्या झाल्या. अमेरिकेंत तें वर्तमान ‘त्रियोंफ’ जहाजानें मार्चांतच पोहोंचलें. परंतु मद्रासच्या दक्षिणेस कडलूर येथें फ्रेंच सेनापति बुसी यास जनरल स्टुअर्ट वेढा घालून बसला होता, आणि त्यांतील कोणासही युद्ध संपल्याचें ठाऊक नव्हतें. १३ जूनला तटाबाहेर घनघोर लढाई झाली. २० जूनला, तहास बरोबर पांच महिने होत असतां, ॲडमिरल सुफ्रें आणि ॲडमिरल ह्यूज यांचीं आरमारें समुद्रावर भिडलीं. २५ जूनला फ्रेंचांनीं इंग्रजांच्या मोर्चांवर निकराचा हल्ला केला. आणि महिना संपतां संपतां मद्रासहून ‘मीडिया’ फ्रिगेट तहाचें पांढरें निशाण लावून आली. जुलई लागतांच तोफा बंद झाल्या.

त्या दोन आठवड्यांत पडलेल्यांत इंग्रज होते, फ्रेंच होते. त्याचप्रमाणें मद्रासकडचे आणि बंगालकडचे हिंदी शिपाई होते. बोस्टनच्या चहाशीं वा फिलाडेल्फियाच्या सभेशीं त्यांचा काडीइतका संबंध नव्हता. ज्या भांडणांत ते मेले, तें भांडण मिटलेलें होतें. फक्त मिटल्याचा कागद अजून समुद्रावर होता.

खलिता नेणाऱ्या माणसांचीं नांवें इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत तळटीपांतून सांपडतात. त्यांना मजकूर बदलतां येत नव्हता, लढाई थांबवितां येत नव्हती, वारा फिरवितां येत नव्हता. हातीं दिलेली थैली न उघडतां, न गमावतां, शक्य तितक्या लौकर पोहोंचविणें एवढेंच त्यांचें काम. जॉन डर्बीनें आपल्या महिन्याभराच्या जोखमीची किंमत शून्य लिहिली, हा त्याचा मोठेपणा. परंतु त्या कामाची खरी किंमत काय असते, हें पाहावयाचें असेल तर हिशेबाच्या वहीकडे न पाहतां कडलूरच्या त्या जून महिन्याकडे पाहावें.